शोमरोनी बाईची विहीर शिकवता, मग महाडचं तळं का नाही?

ख्रिस्ती पोरांच्या रविवारच्या शाळेचा विषय निघाला की आपल्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतो, "बिस्किटाला जातात." बाकीचे हसतात. नगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूर या पट्ट्यात ज्यांची पाळंमुळं आहेत, त्यांच्यातल्या पुष्कळांची भावकी आजही चर्चला जाते. एका पणजोबाची एक पाती मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली, दुसरीने ५६ ला बाबासाहेबांची वाट धरली. आडनावं तीच, वाडा तोच, गावाने लांब ठेवलेला पाणवठाही तोच. तरी हा विनोद चालतो. तो बंद व्हावा, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. ख्रिस्ती समाज आपल्या मुलांना ज्या पद्धतीने धर्म शिकवतो, तिच्याशी आमचं भांडण आहे आणि ते मोठं आहे. पण बिस्किटाच्या विनोदाने ते भांडण सुरूच होत नाही.

आधी त्या विनोदाचा निकाल लावू. १९६७ साली तेव्हाच्या ओरिसाने धर्मांतराविरुद्ध कायदा केला, पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशाने केला. नाव काय, तर धर्मस्वातंत्र्याचा कायदा! ओरिसाच्या कायद्यात बळजबरीने किंवा आमिषाने धर्मांतर घडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. पण ज्याचं धर्मांतर झालं ती व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. ही ओळ पुन्हा वाचा. आठ वर्षांचं पोर, कोणतीही बाई आणि आपला पन्नाशीचा पदवीधर माणूस, तिघे एका रांगेत. यांना स्वतःचं भलंबुरं कळत नाही, हातावर काही ठेवलं की हे देव बदलतात, असं कायद्याने गृहीत धरलं आहे. पुढच्या राज्यांनीही ही रांग जशीच्या तशी उचलली. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी जगातले धर्म तपासले. अशा माणसाच्या समाजाला अक्कल नाही असं म्हणणारी ती रांग आहे. "बिस्किटाला जातात" म्हणणारा भीमसैनिक तिच्याखाली सही करतो.

आणि समजा, पोरं बिस्किटासाठी गेलीही. सरकारी शाळेत पोरं खिचडीसाठीही जातात. म्हणून त्यांचं शिक्षण खोटं ठरवलं का कुणी? दुष्काळात ज्या गावाने यांच्या पणजोबाला पाण्याला शिवू दिलं नाही, त्या गावाच्या वारसांनी आज आमिषाची चौकशी करावी, हे आम्हाला तरी पटत नाही.

आता रविवारची शाळा म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे ती आतून पाहिलेले लोक कमी आणि तिच्यावर बोलणारे जास्त आहेत. १७८० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्राच्या मालकाने तिला चालना दिली. कारखान्यात राबणाऱ्या पोरांना आठवड्यात एकच दिवस सुट्टी, तो रविवार. त्या दिवशी त्यांना बोलवायचं, बायबल हातात देऊन वाचायला शिकवायचं. कल्पना झपाट्याने पसरली. पण तिथेही एक मेख होती. हॅना मोर या बाईंनी मेंडिपच्या डोंगराळ भागात गरिबांच्या मुलांसाठी अशाच शाळा काढल्या. त्यांत वाचन शिकवलं जाई, लिहिणं शिकवलं जात नसे. गरिबाने धर्मग्रंथ वाचावा, मालकाला अर्ज लिहू नये! मुलाला देव द्यायचा आणि लेखणी आपल्या हातात ठेवायची, हा प्रकार त्या चळवळीत जन्मापासून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठी मुलखात हे रोप अमेरिकन मराठी मिशनने लावलं. १८१३ ला मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला ठाणं झालं. त्याच नगरमध्ये सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहून जोतिरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं आणि सावित्रीमाईंचं अध्यापनाचं शिक्षण फरार बाईंच्या हाताखाली झालं. मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचं मासिक मिशनने चालवलं, तेव्हा मराठीत मुलांसाठी वाचायला फारसं काही नव्हतं. हे ऋण आम्ही मोकळेपणाने मानतो.

आजची शब्बाथ शाळा (आता सगळे संडे स्कूलच म्हणतात) तुम्ही पाहिली असेल तर तिचा साचा माहीत असेल. वयाप्रमाणे वर्ग, गाणी, एक गोष्ट, पाठांतराचं वचन, प्रार्थना. उन्हाळ्यात सुट्टीतली बायबल शाळा. नाताळात नाटक. कॅथलिकांकडे सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या कम्युनियनसाठी महिनोन्‌महिने शिकवतात. १९१० साली पोप दहाव्या पायसने हे वय खाली आणलं, मुलाला समज येते तेव्हाच त्याला पंक्तीला घ्या म्हणून. या सगळ्यात एक गोष्ट घडते आणि ती साधी नाही. मातंगवाड्यातली आठ वर्षांची पोरगी शंभर माणसांसमोर उभी राहून पुस्तकातून मोठ्याने वाचते. तिच्या आईला शाळेत मागच्या बाकावर बसवलं होतं. ही पोरगी पुढे कुणासमोर बोलायला कचरत नाही.

आपल्या किती विहारांत दर आठवड्याला मुलांचा वर्ग भरतो? चौदा एप्रिल, वैशाख पौर्णिमा, सहा डिसेंबर आणि चौदा ऑक्टोबर सोडून कुलपाची किल्ली कुणाकडे असते? जाऊ द्या, हा वेगळा लेख होईल.

आमचं भांडण इथून सुरू होतं. संडे स्कूलमध्ये एक गोष्ट हटकून शिकवली जाते, शोमरोनी बाईची. येशू प्रवासाने दमून विहिरीजवळ बसतो. भर दुपारी एक बाई पाणी भरायला येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटलेली जमात, त्यांचं भांडंही चालत नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, तुम्ही यहुदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागता म्हणून विचारते. शिष्य परत येतात, तेही बघत राहतात.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पूर्वाश्रमीच्या महार-मांगांच्या मुलांना शिकवायची आहे. तिच्यात विहीर आहे, विटाळ आहे, भांडं आहे, पाणी आहे. शिक्षकाला यापेक्षा आयता धडा कुठे मिळणार? आणि आपल्या मंडळीतले शिक्षक काय शिकवतात? जिवंत पाणी म्हणजे आत्मिक जीवन. बाईने पाप कबूल केलं. आपणही करावं. चित्रात रंग भरा, घरी जा. ज्या मुलाच्या पणजीला गावच्या विहिरीवर घागर टेकवता आली नाही, त्याला विहिरीचीच गोष्ट सांगायची आणि पणजीचं नावही काढायचं नाही! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी काय घडलं, हे त्या वर्गात कधी निघत नाही. पाळकांना विचारलं तर सांगतात, ते राजकारण झालं.

मोशेचंही तेच. मिसर देशात गुलाम झालेली एक अख्खी जमात वेठबिगार सोडून निघते, समुद्र दुभंगतो, ही गोष्ट पोरांना फार आवडते. वेठबिगार म्हणजे काय हे त्यांना दूरच्या मिसरातून कळतं. वतनी महारकी, बलुत्याच्या भाकरी, मेलेलं ढोर ओढणं हे त्यांच्या घरातलं असून त्यांना कळत नाही. आमचा प्रश्न अगदी सरळ आहे. ज्या संस्कारातून मुलाला परक्या देशातली गुलामी कळते आणि स्वतःची कळत नाही, त्याला आत्मिक वाढ म्हणायचं का?

यावर मंडळीचं उत्तर असतं की ख्रिस्तात जात नाही, मग मुलांच्या कोवळ्या मनात ती कशाला घालायची. ऐकायला गोड आहे. पण तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूर भागातल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची आणि इतरांची थडगी वेगळी करणारी भिंत आहे. गोव्यातल्या कॅथलिकांत सोयरीक ठरताना बामण की चारडो हे आजही पाहिलं जातं. नगरकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती घरांमध्ये लग्न जुळवायचं म्हटलं की काय होतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीच्या धोरणपत्रात चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच कबूल केलं. बिशपांना जे लेखी मान्य आहे, ते दहा वर्षांच्या पोराला सांगायचं नाही? आणि त्याला ते माहीत नसतं, असं वाटणाराच भाबडा. शाळेत, पाणवठ्यावर, क्रिकेटच्या संघात त्याला ते कळलेलं असतं. फक्त रविवारच्या वर्गात ते बोलायचं नसतं, एवढंच तो चर्चमध्ये शिकतो.

आणखी एक गोष्ट तो शिकतो, आणि तिच्यात चर्चपेक्षा सरकारचा दोष मोठा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चांभारकाम करणाऱ्या सुसाई यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारलं की माझ्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या हिंदू चांभाराला सरकार टपरी देतं, मला का नाही? १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की धर्म बदलल्यावरही जातीचा त्रास तितकाच राहतो, याचा पुरावा पुढे आलेला नाही. रस्ता तोच, आरी तीच, ऊनही तेच, आणि पुरावा नाही! २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. सरकारने ते बासनात ठेवलं आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही याच अटीमुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही.

याचा मुलाच्या मनाशी काय संबंध? मुलाला शाळेत घालताना बाप रजिस्टरवर धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहितो. शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून. आम्ही त्याला दोष देत नाही. १९९० पर्यंत आपल्यातल्या कितीतरी बौद्ध बापांनी हेच केलं आणि आजही काही करतात. पण त्या मुलाचा विचार करा. रविवारी त्याला दहा आज्ञा पाठ करायला लावतात, त्यांत खोटी साक्ष देऊ नये हेही आहे. सोमवारी वर्गात गुरुजी धर्म विचारतात तेव्हा त्याने काय म्हणायचं हे आईने घरी सांगून ठेवलेलं असतं. त्याला दोन नावं असतात, एक बाप्तिस्म्याचं, एक दाखल्यावरचं. देवासमोर एक आणि तहसीलदारासमोर दुसरं. मुलाला खोटं बोलायला लावणारी ही गोष्ट सरकारने घडवली आहे, पण त्याचा खुलासा मुलाला कुणीतरी करायला हवा ना? तुझा बाप लबाड नाही, हा आदेश अन्यायाचा आहे, हे त्याला कोण सांगणार? संडे स्कूलने सांगितलं नाही तर ते पोर गुपचूप अपराधी वाटून घेत मोठं होतं. त्यात वर्गात त्याला दर आठवड्याला मी पापी आहे असं म्हणायला लावलेलंच असतं.

या पापाच्या शिकवणीवर बाबासाहेबांनी नेमकं बोट ठेवलं होतं. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिलं त्याचा गाभा असा की, अस्पृश्य हिंदू असताना त्याला सांगितलं जातं, तुझी अवनती तुझ्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं जातं, ती पूर्वजांच्या पापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरात. ज्यांनी त्याला तिथे ठेवलं त्या व्यवस्थेचं नाव दोन्हीकडे येत नाही. मग लढायचं कुणाशी? ब्राह्मणाच्या पोराला मी पापी आहे म्हणायला शिकवलं तर कदाचित त्याचा ताठा उतरेल, ते चांगलंच आहे. ज्याला गाव आधीच अपवित्र म्हणतं त्या पोराला तेच वाक्य शिकवलं तर गावाचं म्हणणं देवाच्या तोंडून पक्कं होतं. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत आपल्या मनातलं सोवळंओवळं कसं सुटत गेलं ते लिहिलं आहे, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी आपल्या मनातला सोवळ्याचा अहंकार टाकला. आपल्या पोराकडे टाकायला तो अहंकारच नाही. दोघांना एकच धडा कसा चालेल?

हेच बायबल हातात घेऊन वेगळं शिकवता येतं याचा दाखला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चनी दिला आहे. दलित पँथरच्या पिढीला तिकडच्या लढ्याची ओढ होती, म्हणून हे आपल्या वाचकाला नवं नाही. पण त्यात रविवारच्या शाळेत वाढलेल्या पोरांचा वाटा किती होता ते आपण फारसं बोलत नाही. तिथे मोशेची गोष्ट सांगताना मिसर म्हणजे कोण, फारो म्हणजे कोण, हे पोराला विचारावं लागत नव्हतं. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात जेम्स बेव्हेल यांनी शाळकरी पोरांना अहिंसेचे धडे दिले आणि सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमधून ती हजाराहून जास्त पोरं वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले, पोरांनी तुरुंग भरले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, गोऱ्या वंशवाद्यांनी त्याच चर्चमध्ये बॉम्ब फोडला. चार मुली मेल्या. तीन चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. त्या दिवशीच्या संडे स्कूलच्या पाठाचा विषय क्षमा करणारं प्रेम हा होता. मुलांना असं पुढे करावं का, यावर तेव्हाही वाद झाला, माल्कम एक्स यांनी टीका केली, आणि आपल्या पोरांना कुत्र्यांसमोर पाठवा असं आम्हीही म्हणणार नाही. पण त्या पोरांना आपल्यावर काय अन्याय होतो ते माहीत होतं, आणि ते त्यांना देवळाच्या आतही बोलता येत होतं. बॉम्ब फोडणाऱ्यांना त्याचीच भीती वाटली.

इतक्या लांब जायची गरजही नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेची विद्यार्थिनी, वय जेमतेम चौदा. तिने थेट देवालाच विचारलं की आमचा धर्म कोणता. वेद ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्महीन ठरतो, मग आमचं काय? हा निबंध छापला कुणी? 'ज्ञानोदय'ने. मिशनच्या, ख्रिस्ती मराठी पत्राने! मुलाच्या आत्मिक वाढीचं याहून मोठं उदाहरण मराठीत आम्हाला तरी सापडत नाही. त्या मुलीने कोणाचं वचन पाठ म्हणून दाखवलं नाही, आपल्या जातीचं नाव घेऊन देवाला प्रश्न केला. ज्या परंपरेने तो प्रश्न छापला, तिच्याच शाळांत आज तसा प्रश्न विचारणारं पोर असेल तर शिक्षक त्याला गप्प बसवतील, कारण चर्चमध्ये जात काढायची नसते. हॅना मोर बाईंनी लेखणी काढून घेतली होती. आता लेखणी देतात, प्रश्न काढून घेतात.

दुसऱ्यांच्या धर्मात नाक कशाला खुपसता, असं काही मित्र म्हणतील. बाबासाहेबांनी खुपसलं होतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाचा ठाव घेतला असं त्यांनी सांगितलं, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती लोक जात पाळतात आणि राजकारणात मागे राहतात हेही तोंडावर सुनावलं. आपल्या माणसांशी असंच बोलायचं असतं.

आणि आपल्या माणसांत आपणही आलो. आनंद भिक्खू विहिरीवर प्रकृती नावाच्या चांडाळकन्येकडे पाणी मागतो, ती म्हणते मी चांडाळीण आहे, तो म्हणतो मी पाणी मागितलं, जात विचारली नाही. बाबासाहेबांनी प्रकृतीची कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये घेतली आहे. शोमरोनी बाईच्या गोष्टीची ही सख्खी बहीण. आपल्या वस्तीतल्या किती पोरांना ती सांगता येते, हे येत्या रविवारी विचारून बघा.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. उन्हाळ्यातल्या बायबल शाळेत शोमरोनी बाईचा धडा येतो, त्या दिवशी मंडळीने आम्हाला अर्धा तास द्यावा. आम्ही प्रवचन करायला किंवा कुणाला बौद्ध करायला येणार नाही. महाडचा नकाशा आणू, मुक्ता साळवेच्या निबंधाच्या प्रती आणू, आणि विहारातली आपली पोरं सोबत आणू, म्हणजे प्रकृतीची गोष्ट त्यांनाही तिथेच कळेल. आधी पोरांना आपापल्या आजीला विचारून यायला सांगावं की तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे आणि ओतायचं कोण. तारीख पाळकांनी ठरवावी. सकाळची उपासना संपल्यानंतरची वेळ आम्हाला चालेल. खाऊ आम्ही आणू, बिस्किटंच आणू.